जेट्टीवरचा लाटांचा फलक : उन्हाळा सरतानाच्या प्रकल्प नोंदी

१२ ऑगस्ट

फलकाचं काम आजपासून सुरू. जेट्टीच्या तोंडाशी, जिथून सगळेच आत येतात, तिथे रोज सकाळी समुद्राचा आणि हवेचा अंदाज लिहायचा. गरज पडली तर दुपारी बदलायचा. वाचणारे सगळे एका प्रकारचे नाहीत. सर्फिंगवाल्यांना लाट हवी, पोहणाऱ्यांना ती नको. गळ टाकून बसणाऱ्यांना खालच्या कट्ट्यावर पाणी येईल का एवढंच कळायला हवं. फिरायला येणाऱ्यांना वारा आणि वीज यांची माहिती पुरते.

फलकावर नुसता उंचीचा आकडा लिहायचा नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवलं. "लाटा ०.९ मीटर" यातून कोणालाच काही कळत नाही. खोल समुद्रात ०.९ मीटर उंच असलेल्या, पण ८ सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटा किनाऱ्यावर साधारण १.३ मीटरवर फुटतात. तेवढ्याच उंचीच्या, १८ सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटा १.८ मीटरपर्यंत चढून फुटतात. (कोमार आणि गॉगन यांच्या सूत्राने काढलेले आकडे, समुद्रतळ सरळ उतरता धरला आहे.) उंची सारखी असली तरी दुसरीतली ऊर्जा सव्वादोन पट वेगाने किनाऱ्याकडे येत असते. म्हणून फलकावर तीन गोष्टी नेहमी एकत्र लिहायच्या: उंची, आवर्तनकाल आणि दिशा. आवर्तनकाल हा शब्द फलकावर नको, तिथे "दर १८ सेकंदांनी एक लाट" असं लिहू.

१४ ऑगस्ट

माहिती कुठून कुठून घ्यायची ते आज जुळवलं. जागतिक लाट-मॉडेल, समोरच्या खोल पाण्यात तरंगत लाटा मोजणारा बोया, भरती-ओहोटीचं कोष्टक आणि जेट्टीच्या टोकावरचा वारामापक. मॉडेल पुढचं सांगतं, बोया आत्ताचं सांगतो. दोघांचं पटलं नाही तर आजच्या दिवसापुरतं बोयाचं ऐकायचं.

आजच्या नकाशात दक्षिण गोलार्धात मोठं वादळ दिसलं. आपल्याकडे उत्तरेत उन्हाळा सरत असतो तेव्हा तिकडे हिवाळा जोरात असतो, आणि तिथली वादळं महासागर ओलांडून इथवर लाटा पाठवतात. वाऱ्याचा पट्टा इथून सुमारे ९,००० किलोमीटरवर आहे आणि त्याचा रोख आपल्याकडे आहे.

लाटा कधी पोहोचतील याचं गणित सोपं आहे. खोल पाण्यात लाटांचा समूह किती वेगाने जातो हे आवर्तनकालावर ठरतं, सेकंदांना २.८ ने गुणलं की ताशी किलोमीटर मिळतात. २० सेकंदांच्या लाटा ताशी ५६ किलोमीटरने, १८ च्या ताशी ५० ने, १५ च्या ताशी ४२ ने. वादळाचा जोर आज दुपारचा धरला तर:

२० सेकंद : २१ ऑगस्ट, पहाटे
१८ सेकंद : २१ ऑगस्ट, रात्री
१६ सेकंद : २२ ऑगस्ट, संध्याकाळ
१५ सेकंद : २३ ऑगस्ट, सकाळ
१४ सेकंद : २३ च्या रात्रीनंतर

२३ तारखेला अमावस्या आहे. म्हणजे उधाणाची भरती आणि या लाटा एकाच वेळी येणार. कोष्टकाखाली हे लाल शाईने लिहून ठेवलं.

१७ ऑगस्ट

ओहोटीला जेट्टीच्या कठड्यावरून वजन बांधलेली दोरी सोडत टोकापर्यंत खोली मोजली. जेट्टीचा हा एक मोठा फायदा आहे: फुटणाऱ्या लाटांच्या वर उभं राहून, होडीशिवाय, त्याच त्या जागी पुन्हा पुन्हा मोजता येतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या डक इथे १९७७ साली ५६० मीटर लांबीची जेट्टी याच कामासाठी बांधली. वाळूचे बांध लाटांबरोबर कसे पुढे-मागे सरकतात याविषयी आज जे ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं तिथल्या मोजमापांतून आलेलं आहे.

आपल्याकडे अपेक्षेप्रमाणे उन्हाळी ठेवण दिसली. गेल्या काही महिन्यांच्या मवाळ लाटांनी पाण्याखालची वाळू ढकलत किनाऱ्यावर आणली आहे. पुळण रुंद झाली आहे, तिची पाण्याकडची कड उभी झाली आहे आणि बाहेरचा वाळूचा बांध जवळजवळ सपाट झाला आहे. लाट साधारणपणे तिच्या उंचीच्या सव्वापट खोलीच्या पाण्यात फुटते. बांध सपाट असला की ओहोटीला लाटा दूरवर, लांबच लांब रांगेत, एकदम फुटतात. भरतीला त्या बांधावरून न फुटता आत येतात आणि थेट उभ्या कडेवर कोसळतात. पोहणाऱ्यांच्या मानेला आणि खांद्याला इजा होते ती या कडेवरच्या लाटेने. सर्फिंगवाले ज्या दूरच्या लाटांची वाट बघतात, त्यांच्याने क्वचितच. म्हणून फलकावर "कड" हा वेगळा रकाना घातला: शांत, सावध, किंवा पाण्यात उतरू नका.

जेट्टीच्या पूर्वेच्या बाजूला, खांबांना लागून, पाण्याखाली एक चर सापडली. आजूबाजूपेक्षा जवळपास अर्धा मीटर खोल. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि बांधकामाच्या कडेने त्याला ती आयतीच मिळते. समुद्राकडे खेचणारा प्रवाह, ज्याला रिप करंट म्हणतात, तो इथे जवळपास कायमचा आहे. जीवरक्षकांना तो पूर्वीपासून ठाऊक आहे. त्यांचं निशाण नेमकं तिथेच असतं. आता नकाशावरही आला.

१९ ऑगस्ट

वाऱ्याची नोंद. पहाटे मतलई वारा, जमिनीकडून, ताशी ६-७ किलोमीटर. पाणी काचेसारखं. दहाच्या सुमाराला वारा पडतो, साडेअकराला समुद्राकडून खारा वारा उठतो, तीनपर्यंत ताशी २० ते २५ किलोमीटर होतो आणि पाण्यावर पांढरे तुरे दिसू लागतात. सूर्यास्तानंतर पुन्हा शांत. हे चक्र रोजचं आहे.

मतलई वारा येणाऱ्या लाटेचा माथा थोपवून धरतो, त्यामुळे ती उशिरा आणि स्वच्छ फुटते. खारा वारा तोच माथा मागून ढकलतो आणि लाट वेळेआधी विस्कटते. म्हणजे एकाच दिवशी सकाळच्या आणि दुपारच्या लाटा निराळ्या, खोल समुद्रातून येणारी लाट तीच असली तरी. "आज लाटा कशा?" या प्रश्नाला दिवसाचं एकच उत्तर देता येणार नाही. फलकाचे सकाळ आणि दुपार असे दोन भाग केले.

२१ ऑगस्ट

आल्या. पहाटेच्या बोयाच्या आलेखात २० सेकंदांच्या जागी लहानसं टोक उभं राहिलं होतं. उंची फक्त वीस-पंचवीस सेंटीमीटर. जेट्टीवरून पाहिलं तर काहीच नाही. समोर नेहमीच्या ७-८ सेकंदांच्या वाऱ्याच्या लाटा. पण खांबांवरच्या पाण्याच्या रेषेकडे नीट बघत राहिलं की पाणी सावकाश चढतं आणि सावकाश उतरतं हे जाणवतं. सात दिवसांपूर्वी दुसऱ्या गोलार्धात वाहिलेला वारा तो हा!

हे गणित ज्यांच्यामुळे आपल्या हाती आलं त्यांत समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक यांचं नाव आधी घ्यायला हवं. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी आणि हाराल्ड स्वेरड्रुप यांनी सैन्य किनाऱ्यावर उतरवण्यासाठी लाटांचे अंदाज बांधण्याची पद्धत तयार केली. पुढे १९६३ साली मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मोजणी केंद्रांची रांग लावली आणि दक्षिणेतल्या वादळांच्या लाटा अख्खा पॅसिफिक ओलांडताना टिपल्या. वाटेत त्यांची ऊर्जा फारच थोडी घटते, हे त्यातून दिसलं. आवर्तनकाल ज्या गतीने उतरत जातो त्यावरून वादळ किती दूर होतं तेही उलट काढता येतं. आज दिवसभरात टोक २० वरून १८ कडे सरकत गेलं. त्यावरून अंतर काढलं तर ९,००० च्या आसपासच येतं. म्हणजे ज्या वादळाची वाट बघत होतो, ते हेच.

फलक: "आज शांत. उद्या संध्याकाळपासून लाटा वाढतील. शनिवारी भरतीला कड धोकादायक."

२२ ऑगस्ट

जीवरक्षकांबरोबर फलकाच्या शब्दांवर बराच वेळ बसलो. त्यांचं म्हणणं थेट होतं: अशा दिवशी लोकांना लाट फसवत नाही, शांतता फसवते.

याचं कारण लाटांच्या गटांत आहे. १७ आणि १८ सेकंदांच्या लाटा एकत्र येतात तेव्हा त्या साधारण दर पाच मिनिटांनी एकमेकींना जोर देतात आणि मधल्या वेळात एकमेकींना निवळवतात. खऱ्या समुद्रात आवर्तनकाल दोनच नसतात, अनेक असतात. त्यामुळे मोठ्या लाटांचा सेट कधी पाच मिनिटांनी येतो, कधी पंधरा. मधल्या वेळात पाणी तळ्यासारखं दिसतं. आई-वडील पोराला घेऊन गुडघाभर पाण्यात जातात आणि नेमका तेव्हा सेट येतो.

त्यात बोया जी उंची सांगतो ती सगळ्यांत मोठ्या लाटेची नसते. सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. हजार लाटांत एखादी लाट त्या आकड्याच्या जवळपास दुप्पट उंच निघते. १८ सेकंदांनी एक लाट धरली तर तासाला २०० लाटा, म्हणजे पाच तासांत हजार. सकाळी येऊन जेवणाच्या वेळेपर्यंत किनाऱ्यावर थांबणाऱ्या माणसाच्या वाट्याला ती दुप्पट लाट येणारच, असं धरून चालायला हवं.

शेवटी वाक्य ठरलं: "पाण्यात उतरण्याआधी वीस मिनिटं बघत उभे राहा. शांत दिसलं तरी." वीसच का, तर त्यात एक तरी मोठा सेट बहुधा दिसून जातो. वाक्य मोठ्या अक्षरांत, उंचीच्या आकड्याच्या वर. माझ्या मते या महिन्यातलं सगळ्यांत उपयोगाचं काम हे.

खालच्या कट्ट्याचा हिशेबही केला. कट्टा सरासरी समुद्रपातळीच्या ३ मीटर वर आहे. जेट्टीच्या टोकाशी लाटा १.२ मीटर, त्यांतली सर्वांत मोठी २.३ धरली. उथळ पाण्यात लाटेचा माथा टोकदार होतो आणि उंचीचा जवळपास सत्तर टक्के भाग पातळीच्या वर असतो, म्हणजे १.६. उधाणाची भरती १.१. एकूण २.७. कट्टा उघडा ठेवता येईल, पण जेमतेम. भरतीच्या आधीचा आणि नंतरचा एक-एक तास बंद ठेवायचं ठरलं.

२३ ऑगस्ट

सकाळी बोयावर ०.९ मीटर, १६ सेकंद, दिशा दक्षिण-नैर्ऋत्य. किनाऱ्यावर फुटताना माणसाच्या उंचीएवढ्या, सेटमधल्या त्याहून मोठ्या. मतलई वाऱ्यात पृष्ठभाग स्वच्छ. सर्फिंगवाले उजाडायच्या आत पाण्यात होते.

भरतीला कडेवरचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येत होता. जीवरक्षकांनी लाल निशाण लावलं, फलकावर "पाण्यात उतरू नका". कट्ट्याच्या फळ्या खालून ओल्या झाल्या, वर पाणी आलं नाही. पूर्वेच्या चरीतून फेस सरळ रेषेत बाहेर जाताना डेकवरून दिसत होता, ते छायाचित्र फलकाशेजारी लावलं, खाली दोन ओळी: "प्रवाहात सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका. तरंगत राहा, मदतीसाठी हात वर करा, जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडा. जेट्टीपासून लांबच्या बाजूने." शेवटचं वाक्य इथल्यासाठी मुद्दाम घातलं, खांबांवर शिंपले आणि बार्नेकल आहेत, अंग सोलून निघतं.

२५ ऑगस्ट

१३ सेकंद, ०.६ मीटर. ओसरतंय.

२९ ऑगस्ट

पाण्याचं तापमान तीन दिवसांत २१ अंशांवरून १६ वर आलं. हवा तापलेलीच, म्हणून लोकांना आश्चर्य. वायव्येकडून किनाऱ्याला धरून वारा वाहत होता. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वरच्या थरातलं पाणी वाऱ्याच्या उजवीकडे वळतं. इथे उजवीकडे म्हणजे खोल समुद्राकडे. त्याची जागा घ्यायला खालचं थंड पाणी वर येतं. आज त्या थंड पाण्यावर दमट हवा आली आणि सकाळी धुकं इतकं दाट झालं की डेकवरून फुटणारी लाट दिसेना. मासे मात्र भरपूर. खालून वर येणारं पाणी त्यांच्यासाठी अन्न घेऊन येतं.

तापमानाची रोजची नोंद कायम ठेवायची. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स जेट्टीवर ऑगस्ट १९१६ पासून पाण्याचं तापमान रोज घेतलं जातं, आणि समुद्र किती तापला हे सांगणाऱ्या मोजक्या जुन्या नोंदींपैकी ती एक आहे. आपली वही नवी आहे, पण वेळ, खोली आणि थर्मामीटर तेच ठेवले तर तिलाही पुढे किंमत येईल.

१ सप्टेंबर

दक्षिण-आग्नेयेला सुमारे १,५०० किलोमीटरवर चक्रीवादळ. ते ताशी २५ ते ३० किलोमीटरने आपल्याच दिशेने सरकतंय. ही चाल महत्त्वाची. १० सेकंदांच्या लाटांचा समूह ताशी २८ किलोमीटरने जातो, म्हणजे त्या वादळाच्या बरोबरीने चालतात आणि वाऱ्याखालून निसटत नाहीत. वारा त्यांना भरवत राहतो, त्यांचा आवर्तनकाल वाढतो, वेग वाढतो आणि मग त्या पुढे निघतात. उभ्या वादळापेक्षा असं चालतं वादळ कितीतरी मोठ्या लाटा पाठवतं.

अडचण दिशेची आहे. पूर्वेचं भूशिर एका कोनापलीकडच्या लाटा अडवतं आणि वादळ नेमकं त्या कोनाच्या कडेवर आहे. ते शंभर किलोमीटर पश्चिमेला सरकलं तर लाटा पूर्ण आत येतील, पूर्वेला सरकलं तर निम्म्याहून जास्त भूशिरावर अडतील. मॉडेलच्या वेगवेगळ्या धावांत दोन्ही मार्ग दिसतात. अशा वेळी सरासरी लिहिणं हा वाचणाऱ्यावर अन्याय आहे, कारण सरासरीएवढ्या लाटा येण्याची शक्यताच सगळ्यांत कमी. फलकावर दोन्ही लिहिलं: "बुधवारी सकाळपासून. वादळ पश्चिमेला वळलं तर अडीच मीटरपर्यंत, पूर्वेला वळलं तर एक मीटर. उद्या संध्याकाळी नक्की सांगू."

२ सप्टेंबर

पश्चिमेला वळलं. संध्याकाळी फलक बदलला. बोयावर १.६ मीटर, १४ सेकंद अपेक्षित धरून हिशेब: टोकाशी १.९, सर्वांत मोठी ३.५, माथा २.५, भरती ०.८. एकूण ३.३. खालचा कट्टा उद्या पूर्ण बंद. गळवाल्यांपैकी काही नाराज झाले. त्यांना आकडे कागदावर मांडून दाखवले. मग त्यांनीच बाकीच्यांना समजावलं.

३ सप्टेंबर

आठच्या सुमाराला पहिले सेट, नऊनंतर जोर. दुपारी पाणी कट्ट्याच्या फळ्यांवरून वाहिलं. कट्टा रिकामा होता.

ऑगस्टमधल्या दक्षिणेच्या लाटांपेक्षा या लाटा वेगळ्या. सेटमध्ये विश्रांती कमी, रोख तिरका. तिरक्या लाटा पाणी किनाऱ्याला धरून पश्चिमेकडे लोटतात, ते जेट्टीच्या खांबांशी अडतं आणि चरीतून बाहेर पडतं. त्यामुळे पूर्वेचा रिप करंट आज ऑगस्टपेक्षा खूपच जोरात. पूर्वेच्या बाजूने पाण्यात उतरलेला माणूस जेट्टीखाली ओढला जाऊ शकतो. जीवरक्षकांनी ती संपूर्ण बाजू बंद केली आणि सर्फिंगवाल्यांना पश्चिमेकडून आत जायला सांगितलं. फलकावर आता एक बाण आहे: पाणी कोणत्या बाजूला वाहतंय. लाटांच्या दिशेचे अंश कोणी वाचत नव्हतं, बाण मात्र सगळे वाचतात.

७ सप्टेंबर

वादळाच्या उरलेल्या ओलाव्यातून दुपारी गडगडाट. समुद्र पाऊण मीटर, काहीच नाही; आजचा धोका वरून. जेट्टीवर माणूस हाच आसपासचा सर्वांत उंच बिंदू असतो, त्यात हातात गळाची ओली काठी. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे. आवाजाला एक किलोमीटरला तीन सेकंद लागतात. तीसच्या आत आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, जेट्टी रिकामी. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं कोणी परत यायचं नाही. आज पौर्णिमेच्या भरतीसाठी बरीच गर्दी होती. सगळे बाहेर पडायला वेळ लागला. पुढच्या वेळी ढग दिसतानाच घोषणा करायची, गडगडाटाची वाट बघायची नाही.

१० सप्टेंबर

पुन्हा खोली मोजली. चक्रीवादळाच्या लाटांनी कडेची वाळू ओढून बाहेर नेली आहे: कड बसली, बाहेरचा बांध उंचावला, पूर्वेची चर आणखी खोल. म्हणजे पुढच्या लाटा बांधावर फुटतील, कडेवरचा मार कमी, आणि सर्फिंगला ही ठेवण ऑगस्टपेक्षा चांगली. "कड" रकाना "सावध" वर आणला. चरीची इशाऱ्याची पाटी दहा मीटर पूर्वेला हलवली.

उद्याचा फलक: "सकाळी ०.७ मीटर, दर १३ सेकंदांनी एक लाट, दक्षिणेकडून. वारा जमिनीकडून, अकरापर्यंत. दुपारी ताशी २० किलोमीटर, समुद्राकडून. पाणी १९ अंश. बाण पश्चिमेकडे. कट्टा उघडा."

नकाशात आज उत्तरेकडच्या समुद्रात मोसमातलं पहिलं शरदातलं वादळ दिसतंय. आतापर्यंतची सगळी कोष्टकं दक्षिणेच्या लाटांसाठी केली आहेत. पश्चिमेकडून येणाऱ्या लाटांना भूशिर आडवं येत नाही, त्या उघड्यावरून आत येतील आणि चरीतलं पाणी बहुधा दुसऱ्या बाजूने वाहू लागेल. पश्चिमेच्या खांबांशेजारची खोली उद्याच्या ओहोटीला मोजायची आहे.